एका बैठकीतली टीका जिव्हारी लागली आणि तो १४ वर्षं गप्प बसला : दिग्दर्शक डेव्हिड लीनची गोष्ट

न्यूयॉर्कमधलं अल्गॉन्क्विन हॉटेल. अमेरिकेतल्या नामवंत चित्रपट समीक्षकांनी एका ब्रिटिश दिग्दर्शकाला भेटायला बोलावलं होतं. वय बासष्टच्या आसपास. 'सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक' म्हणून दोन ऑस्कर नावावर. त्याआधीच्या त्याच्या तीन चित्रपटांनी मिळून तब्बल १९ ऑस्कर पटकावलेले. त्याला वाटलं होतं, खाणं-पिणं होईल, गप्पा होतील.

झालं उलटंच. त्याच्या 'रायन्स डॉटर' या नव्या चित्रपटाची समीक्षकांनी त्याच्या तोंडावर चिरफाड केली. रिचर्ड शिकल, पॉलीन केल अशी बडी मंडळी समोर होती. 'ब्रीफ एन्काउंटर'सारखा नाजूक चित्रपट करणाऱ्या माणसानं हे असं काही करावंच कसं, असा एकूण सूर होता. दिग्दर्शक तिथून उठला तो मनानं मोडूनच. त्यानंतर पुढचा चित्रपट पडद्यावर यायला १४ वर्षं लागली.

या माणसाचं नाव डेव्हिड लीन. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', 'डॉक्टर झिवागो' ही नावं तुम्ही ऐकली असतील, ते सगळे याचेच.

आता प्रश्न असा की जॉर्डनच्या वाळवंटात महिनोन्महिने शेकडो माणसांना, उंटांना आणि घोड्यांना ताब्यात ठेवणारा माणूस मूठभर समीक्षकांच्या बोलण्यानं एवढा खचला कसा? त्यासाठी त्याच्या लहानपणात जावं लागतं.

लीनचा जन्म २५ मार्च १९०८ चा, लंडनजवळच्या क्रॉयडनमधला. वडील लंडनच्या एका कंपनीत हिशेब तपासनीस. घर क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती धर्मातला साधेपणाला फार मानणारा पंथ. नाच, नाटक, सिनेमा या सगळ्याकडं घरातली मंडळी संशयानंच बघायची. त्यामुळं पोराला सिनेमाला जायची बंदी. चार्ली चॅप्लिन त्याला पहिल्यांदा भेटला तो पडद्यावर नाही, तर घरी कामाला येणाऱ्या बाईच्या नकलेतून. ती सिनेमा बघून यायची आणि स्वयंपाकघरात चॅप्लिन कसा चालतो, कसा वळतो ते करून दाखवायची.

शाळेत मात्र आनंदीआनंद. लिहिण्या-वाचण्यात तो इतका मागं होता की हा पोरगा कधी धड शिकेल की नाही, अशी शंका शिक्षकांनी घरच्यांना बोलून दाखवली होती. धाकटा भाऊ एडवर्ड हुशार. तो पुढं ऑक्सफर्डला गेला. तिथं त्यानं 'इंकलिंग्ज' नावाचं विद्यार्थ्यांचं साहित्यमंडळ काढलं आणि हेच नाव नंतर टॉल्किन आणि सी. एस. लुईस यांच्या प्रसिद्ध कंपूनं उचललं. अशा भावाशेजारी डेव्हिड म्हणजे घरातलं मठ्ठ पोर. हा शिक्का त्याच्या मनावरून शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

दहा-अकरा वर्षांचा असताना त्याला कोडॅकचा साधा डबा कॅमेरा भेट मिळाला. ज्याला पुस्तकातली अक्षरं जमत नव्हती त्याला फोटो मात्र पहिल्यापासून जमायला लागले. मग वडिलांनी घर सोडलं. ते दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेले आणि आई कोलमडली. पोरगा अंधाऱ्या सिनेमागृहात जाऊन बसायला लागला.

शाळा संपल्यावर त्याला वडिलांच्याच कंपनीत हिशेबाला बसवलं. आकड्यांशी त्याचं कधी जमलंच नाही. घरी हिशेबाच्या पुस्तकांऐवजी सिनेमाची मासिकं पडलेली असायची. हे बघून नात्यातल्या एका बाईंनी सरळ सुचवलं की याला सिनेमाच्याच धंद्यात का घालत नाही? १९२७ साली तो लंडनच्या गोमाँ स्टुडिओत दाखल झाला. सुरुवातीला पगार नाही. चहा आणून द्यायचा, निरोप पोचवायचे, शॉटच्या आधी पाटी धरायची. थोडक्यात, पडेल ते काम.

पण तिथं त्याला एक खोली सापडली. संकलनाची खोली.

संकलन म्हणजे काय हे इथं थोडं समजून घ्यायला हवं, कारण लीनचं सगळं मोठेपण तिथूनच येतं. तेव्हा चित्रपट खरोखरच्या फितीवर असायचा. चित्रित केलेली फीत टेबलावर घ्यायची, नको तो भाग कात्रीनं कापायचा, हवे ते तुकडे एकमेकांना चिकटवायचे. एक तुकडा कुठं संपतो आणि पुढचा कुठं सुरू होतो, यावर प्रेक्षक हसणार की रडणार की जांभई देणार हे ठरतं. इथं व्याकरण, स्पेलिंग, पाढे काही लागत नाही. लागते ती नजर आणि लय. मठ्ठ ठरवलेल्या पोराकडं या दोन्ही गोष्टी भरपूर होत्या.

बोलपट नुकतेच आले होते. आवाज आणि चित्र जुळवताना भलेभले गोंधळत होते. लीननं बातमीपटांवर हात बसवला. बातमीपट आठवड्यातून दोनदा निघायचे, त्यामुळं विचार करत बसायला वेळ नसे. तिशीपर्यंत तो ब्रिटनमधला सगळ्यात नावाजलेल्या संकलकांपैकी एक झाला. बर्नार्ड शॉच्या नाटकावरचा 'पिग्मॅलियन' त्यानंच कापला. या काळात त्याला स्वस्तातले, घाईघाईत उरकायचे चित्रपट दिग्दर्शित करायची संधी येत होती. त्यानं ती घेतली नाही. पहिलाच चित्रपट भिकार निघाला तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

संधी आली ती युद्धात. नाटककार-अभिनेता नोएल कॉवर्डला नौदलावर 'इन विच वुई सर्व्ह' हा चित्रपट करायचा होता, पण कॅमेऱ्याचं तंत्र येत नव्हतं. त्यानं लीनला मदतीला घेतलं. लीननं अट घातली की आपलं नाव सहायक म्हणून नाही, सहदिग्दर्शक म्हणून लागलं पाहिजे. कॉवर्डला लवकरच तांत्रिक भानगडींचा कंटाळा आला आणि बरंचसं काम लीनवर येऊन पडलं. १९४२ साली आलेल्या या चित्रपटात भेदरून आपली जागा सोडणाऱ्या एका खलाशाची छोटीशी भूमिका एका कोवळ्या पोरानं केली होती. तो त्याचा पहिलाच चित्रपट. नाव रिचर्ड ॲटनबरो. हे नाव लक्षात ठेवा.

मग आला 'ब्रीफ एन्काउंटर'. दोन विवाहित माणसं रेल्वे स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात भेटतात, प्रेमात पडतात आणि काहीही न करता आपापल्या घरी परत जातात. कथा एवढीच. चित्रीकरण १९४५ च्या सुरुवातीला झालं, तेव्हा युद्ध संपलेलं नव्हतं. रात्री दिवे लावायचे तर हवाई हल्ल्याची भीती. म्हणून उत्तरेकडचं, लंडनपासून लांबचं कार्नफोर्थ हे स्टेशन निवडलं. विमानं आलीच तर दिवे विझवायला तिथं पुरेसा वेळ मिळाला असता. भरधाव जाणाऱ्या गाड्या, वाफ, रचमानिनॉफचं पियानोसंगीत आणि सीलिया जॉन्सनचे मोठाले डोळे. ब्रिटिश माणूस मनातलं बोलत नाही म्हणतात, त्या न बोलण्याचाच हा चित्रपट आहे. आजही तो बघताना घशाशी काहीतरी अडकतं.

पाठोपाठ डिकन्सच्या कादंबऱ्यांवरचे 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' आले. पहिल्यातला स्मशानाचा प्रसंग प्रेक्षक अचानक दचकावा म्हणून कसा कापायचा, याचा धडा आहे. दुसऱ्यानं मात्र वाद ओढवून घेतला. फॅगिन या ज्यू पात्राला लावलेलं भलंमोठं नकली नाक पाहून बर्लिनमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि अमेरिकेत चित्रपट तीन वर्षं अडकून पडला. ज्यूंच्या कत्तलीला जेमतेम तीन वर्षं झाली असताना असं नाक पडद्यावर दाखवणं ही लीनची मोठी चूकच होती. जुन्या पुस्तकातलं चित्र हुबेहूब उतरवण्याच्या नादात भोवतालच्या जगाकडं त्याचं लक्ष गेलं नाही. पुढंही असं एकदा झालं. ते येईलच.

१९५५ चा 'समरटाइम' त्यानं व्हेनिसमध्ये जाऊन केला आणि त्याला परदेशाची चटक लागली. स्टुडिओच्या चार भिंती नकोशा झाल्या. पुढं कित्येक वर्षं इंग्लंडात त्याचं स्वतःचं असं घर नव्हतं. हॉटेलमध्ये राहायचं, मोटारीनं हिंडायचं. लग्नंही सहा झाली. चौथी पत्नी हैदराबादची, १९६० साली झालेलं हे लग्न १९७८ ला मोडलं. पहिल्या लग्नापासूनच्या मुलाला तर तो तान्हा असतानाच लीन सोडून गेला होता. वडिलांनी जे केलं त्याचं आयुष्यभर दुःख वागवणाऱ्या माणसानं स्वतःही तेच केलं.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी तो सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. जपान्यांच्या कैदेतले ब्रिटिश सैनिक शत्रूसाठी रेल्वेचा पूल बांधतात आणि त्यांचा कर्नल त्या पुलाच्या इतका प्रेमात पडतो की आपण कुणासाठी बांधतोय हेच विसरतो, अशी ती कथा. कितुलगला इथं नदीवर खराखुरा लाकडी पूल उभारला. तो खऱ्या आगगाडीसकट उडवायचा होता, म्हणजे एकदाच जमणारा शॉट. गाडी निघाली, पण एका कॅमेऱ्यापाशी सगळे सुरक्षित असल्याची खूण आली नाही. लीननं स्फोट थांबवला. गाडी चालकाशिवाय पूल ओलांडून पलीकडं जाऊन धडकली. सगळं पुन्हा मांडावं लागलं. नंतर पूल उडाला आणि चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले. पटकथेचं ऑस्कर मात्र ज्या फ्रेंच लेखकाला मिळालं त्यानं ती लिहिलीच नव्हती. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते. त्यांना श्रेय मिळालं ते मेल्यावर.

यानंतर लीनला गांधीजींवर चित्रपट काढायचा होता. तो भारतात येऊन गेला, एमरिक प्रेसबर्गरकडून पटकथाही लिहून घेतली. पण काम पुढं सरकलं नाही आणि निर्माता सॅम स्पीगल आणि तो टी. ई. लॉरेन्सकडं वळले. गांधी राहिले ते राहिलेच. १९८२ साली 'गांधी' केला तो रिचर्ड ॲटनबरोनं, म्हणजे १९४२ च्या त्या भेदरलेल्या खलाशानं.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं चित्रीकरण मे १९६१ मध्ये जॉर्डनमध्ये सुरू झालं आणि स्पेन, मोरोक्को करत पुढच्या वर्षापर्यंत चाललं. पीटर ओटूल तेव्हा सिनेमात जवळपास अनोळखी, तर ओमर शरीफला इजिप्तबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. लॉरेन्स ज्याला वाळवंटातून जीव धोक्यात घालून परत आणतो आणि नंतर ज्याला स्वतःच्या हातानं गोळी घालतो, तो कासिम म्हणजे आपल्या 'जॉनी मेरा नाम'वाला आय. एस. जोहर. पुढच्या वेळी बघाल तेव्हा नीट बघा.

या चित्रपटातली दोन दृश्यं सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. एकात लॉरेन्स जळती काडी फुंकून विझवतो आणि त्याच क्षणी पडदाभर वाळवंटातली पहाट दिसते. खरं तर इथं एक चित्र हळूहळू विरून दुसरं उमटणार होतं. पण संकलनाच्या टेबलावर दोन तुकडे तात्पुरते नुसते एकमेकांना जोडून पाहिले, तेव्हा लीन आणि त्याची संकलक ॲन कोट्स यांच्या ध्यानात आलं की हेच भारी दिसतंय. दुसरं दृश्य विहिरीचं. क्षितिजावर मृगजळात एक ठिपका थरथरतो, वाढत जातो आणि बऱ्याच वेळानं कळतं की हा उंटावरचा माणूस आहे. छायालेखक फ्रेडी यंगनं यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स आणली होती. हे दृश्य आधी आणखी लांब होतं. प्रेक्षक कंटाळतील या भीतीनं लीननं ते छाटलं आणि आपला धीर तेव्हा सुटला याची हळहळ त्याला पुढं वाटत राहिली. एवढ्या उंचीवर पोचलेल्या माणसाच्या आतही क्रॉयडनचं ते पोरगं बसलेलं होतंच.

पुन्हा सात ऑस्कर. मग १९६५ चा 'डॉक्टर झिवागो'. पास्तरनाकच्या कादंबरीवर रशियात बंदी, त्यामुळं मॉस्को उभं केलं माद्रिदजवळ. स्पेनमध्ये त्या साली थंडीनंही दगा दिला. मग बर्फ म्हणून संगमरवराची भुकटी पसरली आणि बर्फानं गोठलेल्या घराचा आतला भाग मेणानं सजवला. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी मात्र रांगा लावल्या. ती टीकाही लीनला लागलीच होती, पण गल्ल्यानं त्यावर फुंकर घातली.

'रायन्स डॉटर'च्या वेळी ही फुंकर पुरेशी ठरली नाही. आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पावर त्यानं दगडाचं अख्खं गाव बांधलं आणि वर्षभर तळ ठोकला. मनासारखं वादळ यावं म्हणून वाट पाहिली, मनासारखं ऊन पडेना म्हणून समुद्रकिनाऱ्याचे काही शॉट दक्षिण आफ्रिकेत जाऊन घेतले. हाताशी होती ती एका खेड्यातल्या लग्न झालेल्या मुलीच्या प्रेमाची साधी गोष्ट. ती त्या भव्य पडद्यात हरवून गेली, हे समीक्षकांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. पण चुकीचं दाखवून देणं वेगळं आणि जेवायला बोलावून एखाद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं वेगळं.

नंतरची १४ वर्षं तो नुसता रुसून बसला होता असंही नाही. पटकथाकार रॉबर्ट बोल्टबरोबर त्यानं 'बाउंटी' जहाजावरच्या बंडाची कथा हाती घेतली, त्यासाठी दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर जाऊन राहिला. कित्येक वर्षं त्यात गेली. पैशाचं गणित जमेना, मग १९७९ साली बोल्टला पक्षाघाताचा झटका आला आणि सगळं हातून निसटलं. चित्रपट शेवटी दुसऱ्याच दिग्दर्शकानं केला. एवढ्या काळात लीनच्या नावावर जमा झाली ती कॅप्टन कुकच्या हरवलेल्या नांगरावरची दूरदर्शनसाठीची एक छोटी फिल्म. तरीही त्या बैठकीचा विषय तो शेवटपर्यंत काढत राहिला. पैसा उभा करायला, निर्मात्यांशी भांडायला जो ताठ कणा लागतो, तो त्या दिवशी वाकला होता.

त्याला परत उभं केलं ते भारतानं. ई. एम. फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी बरीच वर्षं त्याच्या मनात होती. फॉर्स्टर जिवंत असेपर्यंत चित्रपटाला परवानगी मिळणं शक्य नव्हतं. तो १९७० मध्ये गेला आणि पुढं हक्क मिळाले जॉन ब्रेबॉर्नला. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम ज्या गव्हर्नरच्या नावानं आहे, त्याचाच हा मुलगा.

या कादंबरीची मुळंही मराठी माणसाला जवळची आहेत. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. कुमार गंधर्वांचं देवास ते हेच. तिथं पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव कादंबरीत उतरला आणि त्या उत्सवात रमणारे प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मणाचं पात्रही.

चित्रीकरण बेंगळुरूच्या परिसरात झालं. गुहांच्या प्रसंगासाठी सावनदुर्ग आणि रामनगरचे कातळ वापरले. 'शोले'मधला गब्बर ज्या खडकांवर फिरला तेच हे रामनगर. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे भारतीय कलाकार घेतले. गोडबोल्यांच्या भूमिकेत मात्र आला ॲलेक गिनेस, तोंडाला रंग फासून. १९४८ चं नाक पुन्हा एकदा. १९८४ साली भारतात चांगले नट मिळत नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही. गिनेसची नाचाची दृश्यंही शेवटी कापली गेली आणि दोघा जुन्या मित्रांत कटुता आली. शिवाय फॉर्स्टरनं इंग्रज आणि भारतीय यांची मैत्री अजून शक्य नाही असं सांगत जी कादंबरी अवघडलेपणात संपवली, तिला लीननं गोड समेटाचा शेवट दिला.

तरी चित्रपट उभा राहिला. विशेष म्हणजे ७६ व्या वर्षी पटकथाही लीनची आणि संकलनही त्याचंच. श्रेयनामावलीत त्यानं संकलक म्हणून स्वतःचं नाव घातलं. ११ ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली दिग्दर्शन, पटकथा आणि संकलन ही तीन एकट्या त्याची. पुरस्कार दोन आले, पेगी ॲशक्रॉफ्टला आणि संगीतकार मॉरिस जारला. त्याच साली त्याला 'सर' किताब मिळाला.

दरम्यान 'लॉरेन्स'ची दैना झाली होती. प्रदर्शनानंतर लगेच सुमारे वीस मिनिटं कापली, १९७१ मध्ये आणखी. रॉबर्ट हॅरिस या माणसानं डबेच्या डबे धुंडाळून हरवलेले तुकडे शोधले. स्पीलबर्ग आणि स्कॉर्सेसी पाठीशी उभे राहिले. काही तुकड्यांचा आवाजच सापडेना, तेव्हा ओटूल आणि गिनेस यांनी २५ हून अधिक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले. लीन स्वतः टेबलावर बसून शेवटचा हात फिरवत होता. १९८९ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९९९ साली विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तेव्हा पहिल्या पाचांत तीन लीनचे होते. दुसरा क्रमांक 'ब्रीफ एन्काउंटर'चा.

शेवटची पाच वर्षं तो जोसेफ कॉनरॅडच्या 'नोस्ट्रोमो'मागं होता. विमा कंपनी म्हणे, एवढ्या वयाच्या दिग्दर्शकासाठी पर्यायी दिग्दर्शक तयार ठेवा. तेही मान्य झालं. फ्रान्समध्ये नीसला सेट उभे राहायला लागले होते. घशाचा कर्करोग आधी पोचला. चित्रीकरण काही आठवड्यांवर आलेलं असताना १६ एप्रिल १९९१ रोजी लंडनमध्ये लीन गेला. कादंबरीवर पुढं दूरचित्रवाणी मालिका निघाली, त्याची पटकथा मात्र तशीच राहिली.